नांदेडवालीची चूल

दिल्लीत वाढलेल्या आम्हा मराठी लोकांना एक वाईट खोड असते. भाजीवाल्यासमोर, मेट्रोत, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना, समोरच्या माणसाबद्दल आम्ही त्याच्याच तोंडावर बिनधास्त मराठीत बोलतो. कुणाला कळतंय! माझ्या आईने सरकारी क्वार्टर्समधली सगळी वर्षं अशीच काढली. शेजारच्या शर्माआंटींकडे बघून गोड हसायची आणि मला सांगायची, "हिच्या भाजीत आजही मीठ नाही गं." शर्माआंटी हसायच्या, आई हसायची, सगळं कसं छान. ही खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली, आणि तिच्यामुळेच मला कौसा भेटली.

आमची सोसायटी द्वारकेच्या अगदी टोकाच्या सेक्टरात. मागची भिंत संपली की थोडं मोकळं रान आणि मग जोहडपूर. कागदावर दिल्ली, पण वागणं सगळं हरयाणाचं. गोवऱ्यांचे रचून ठेवलेले ढीग, खाटेवर हुक्का ओढत बसलेले म्हातारे, आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जाणाऱ्या बायका, ज्यांचं तोंड मी कधी बघितलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना पिशवीतल्या दुधाचा संशय यायला लागला. माणसाला काही काम उरलं नाही की असं होतं. मग काय, रोज सकाळी दुधाची डोलची घेऊन जोहडपूरला जायची ड्युटी माझ्याकडे आली.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. गोठ्यात रांग होती, माझा नंबर येत नव्हता, आणि तेवढ्यात बंगळुरूहून मुलीचा, मुक्ताचा, फोन आला. मी आपली नेहमीसारखी सुरू झाले. काय सांगू मुक्ता, ही दूध काढणारी बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून बसलीय, हात कुठे जातोय ते दिसत नाही, पाणी घालत असणार बिल्कुल, त्या घुंगटामागे काय काय चालतं देव जाणे. असं बरंच काही. आणि त्या पदराच्या आतून, दुधाची धार जराही न थांबवता, आवाज आला.

"पाणी म्हैस पिती, ताई. दुधात मी घालत न्हाई."

फोन हातातून पडायचाच बाकी राहिला. मुक्ता तिकडून हॅलो हॅलो करतेय आणि मी आ वासून उभी. दिल्लीत साठ वर्षं काढली, पण असा धक्का मला कुणी दिला नव्हता. लाज तर इतकी वाटली की डोलची तिथेच टाकून पळून जावं. रांगेतल्या लोकांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, ही बाई, त्यांची नांदेडवाली, नेहमीसारखी म्हशीशीच बोलतेय.

तिने सगळ्यांना दूध दिलं आणि मला शेवटी ठेवलं. मला वाटलं, शिक्षा करतेय, करू दे. सगळे गेल्यावर तिने दोन बोटांच्या चिमटीत पदर जरासा उचलला. त्या फटीतून एक डोळा दिसला. त्या डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, कोणत्या गावच्या? मी म्हटलं, वडील अमरावतीचे. ती म्हणाली, लांब पडलं आमच्यापासून, पण चालंल. मग म्हणाली, बोला. मी म्हटलं, काय बोलू?

"मगाशी बोलत व्हता तसं बोला की. शिव्या दिल्या तरी चालतील."

तेव्हापासून माझा नंबर कायम शेवटचा. कितीही लवकर जा, माझी डोलची ती भिंतीकडे सरकवून ठेवायची आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उचलायची. इकडे आमचे हे चहासाठी खोळंबलेले, फोनवर फोन. पण तिने डोलची भरून दिल्याशिवाय मला हलता येत नसे, आणि डोलची भरायला ती होईल तेवढा वेळ लावायची.

तिचं नाव कौसल्या, माहेरी कौसा. ते नाव जोहडपुरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथे सुनेला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात. कुणी झज्जरवाली, कुणी सोनीपतवाली, तशी ही नांदेडवाली. नांदेड कुठे आहे हे विचाराल तर गावातल्या निम्म्या लोकांनी बिहारकडे बोट दाखवलं असतं. मी तिला कौसा म्हणाले तेव्हा तिने धार थांबवली. दूध काढताना तिने हात थांबवलेला मी तेवढाच पाहिला.

तिचं मराठी टिकलं कसं, हे मला कळेना. मी इथे आई-वडिलांबरोबर वाढून माझी भाषा अशी खिचडी झालेली. माझी मुलगी तर 'फुंकणी' म्हणजे काय विचारते. आणि ही, आजूबाजूला मराठीचा वाराही नाही, तरी घडाघडा बोलते! मी विचारलं तर तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. या चंद्रीशी बोलते, म्हणाली. कौसा या घरात आली त्याच वर्षी ही पारडी आणली होती. घरात जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, सुनेने आवाज काढायचा नाही, नवऱ्याला मराठी येत नाही, शेजारणी हिच्या बोलण्याला हसायच्या. म्हशीशी कुठल्याही भाषेत बोललं तरी कुणाची हरकत नसते. म्हणून माहेरची आठवण, जेठावरचा राग, सणावाराचे बेत, सगळं चंद्रीला सांगायचं. चंद्रीला इतकी सवय झाली की दुसरी कुणी बाई 'हट, हट' करत खाली बसली तर ती दुधाचा थेंब सोडायची नाही. एकदा कौसाला ताप होता आणि शेजारीण धार काढायला आली. तिला चंद्रीने अशी लाथ मारली की बादली उकिरड्यात. शेवटी कौसा आतून खाटेवरूनच ओरडली, "दे गं बाय, शहाणी ना तू?" आणि म्हैस मुकाट्याने उभी राहिली. हे ऐकून मी पोट धरधरून हसले आणि घरी जाऊन एकदम रडूच आलं. मराठी बोलायला माणूस नाही म्हणून म्हैस! आता याला काय म्हणावं!

ती इथे कशी आली हे तिने मला एकदम सांगितलं नाही, धारेबरोबर थोडं थोडं सांगितलं. गावाकडे ओळखीचा एक माणूस आला, म्हणाला दिल्लीचा मुलगा आहे, स्वतःचं घर, स्वतःची जमीन, काही मागत नाहीत, उलट लग्नाचा खर्च तेच करतील. बापाला चार मुली. झालं. रेल्वेत बसल्यावर तिला वाटलं, आता दिल्ली बघायला मिळणार. जोहडपूरला उतरली तर समोर उकिरडा आणि त्यावर बसलेले तीन भाऊ. आई मेलेली, बाप मेलेला, घरात बाई नाही. थोरला धरमपाल, ज्याला इथली पोरगी कुणी दिली नाही. मधला रणबीर, ज्याच्याशी हिचं लग्न लागलं होतं. आणि धाकटा बिट्टू, शाळेत न जाणारा, नाक गळणारा, डोक्यात उवांचं रान.

"मला वाटलं नवऱ्याचं पोरगं हाय पहिल्या बायकोचं," ती म्हणाली. "मनात म्हटलं, फसवलं मायंदाळ. मग कळलं दीर हाय. तर म्हटलं, बरंय, एवढंच फसवलं."

वर्तमानपत्रात असलं वाचून आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. इथे तीच बाई समोर बसून माझ्या डोलचीत दूध ओतत होती. मी म्हटलं, अगं तुला कुणी विचारलं तरी का? ती हसली. विचारायचं काय त्यात, म्हणाली, चंद्रीला कुठं विचारलं? आणि दिल्ली? दिल्ली तिने पहिल्यांदा बघितली ती आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून. संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा. कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी होती, आणि मग म्हणाली, एवढीच व्हय?

त्या तीन भावांच्या घरात पाऊल टाकल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? चूल फोडली. जुनी चूल फुटकी होती, धूर सगळा आत यायचा, तिन्ही भाऊ करपलेलं खाऊन वाढलेले. तिने तळ्याची माती आणून नवी चूल घातली, ती माहेरच्या पद्धतीची, बाजूला वैल असलेली. बायका बघायला आल्या. इथे असली चूल कुणी बघितली नव्हती. एका जाळावर भाकरीही होते आणि शेजारी वैलावर कालवणही गरम राहतं, हे बघून दोघीचौघींनी मुकाट्याने तशीच घालून घेतली. दुसरं काम, बिट्टूला पायात धरून त्याच्या डोक्याला रॉकेल चोळलं. तो बोंबलत होता, ती मराठीत त्याला शिव्या देत होती. त्या दिवसापासून बिट्टू तिच्यामागे. ती शेतात तर हा शेतात, ती गोठ्यात तर हा गोठ्यात. ती चंद्रीला जे जे सांगायची ते ते यानेही ऐकलं. त्याला मराठी बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. मिशा फुटल्या, मोटरसायकल आली, तरी कौसाने मराठीत हाक मारली की तो हातातलं टाकून यायचा.

ज्वारीची तर गंमतच. हरयाणात ज्वारी जनावरांना हिरवी कापून घालतात. कौसाने पहिल्या वर्षी हे बघितलं तेव्हा तिला भडभडून आलं. आपलं अन्न म्हशीपुढे! तिने शेताच्या कोपऱ्यातली थोडी ज्वारी कुणाला कापू दिली नाही, कणसं भरू दिली, आणि भाकरी थापली. गावभर झालं, नांदेडवाली म्हशीचा चारा खाते. रणबीर शरमेने बाहेर जेवला. जेठ धरमपाल मात्र बैठकीत एकटा बसून तीन भाकरी खाऊन उठला आणि लोकांना म्हणाला, बाजऱ्याची होती. पुढे सगळी वर्षं हा माणूस ज्वारीची भाकरी खायचा आणि गावाला बाजऱ्याची सांगायचा. कौसा त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही, रीतच नव्हती तशी. पण भाकरी जास्त भाजून हवी की नरम, हे त्याला न विचारता तिला कळायचं.

तिच्याजवळ गावातल्या घरांचा स्वतःचा एक हिशेब होता. भिंती, मजले, गाड्या, काही बघायची नाही. घर म्हणजे चूल. समोरच्या संगमरवरी घराला फाटक एक आणि चुली चार. भाऊ एकाच फाटकातून आत जातात आणि एकमेकांकडे मीठही मागत नाहीत. कोपऱ्यावरच्या आजीच्या नावावर अख्खं घर, पण तिला चूल नाही. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे ताट घेऊन बसते. तळ्याकाठी एक घर नुसत्या छड्यांचं, म्हणजे लग्न न झालेल्या भावांचं. तिथे चूल आहे पण धूर नाही. मी कॉलेजात समाजशास्त्र घेतलं होतं, कुटुंबाचे प्रकार पाठ केले होते, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आणि तुझं घर कुठल्या प्रकारचं? तिने बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, चूल माझी हाय, पर तिच्यावर जेवणारं माझं एकबी न्हाई. तिला मूल झालं नव्हतं. नवरा वाईट नव्हता. मारायचा नाही, बोलायचाही नाही. सगळे जेवून उठले की ती चुलीकडे तोंड करून, अंगणाकडे पाठ फिरवून शेवटी जेवायची. सुनेने तसंच जेवायचं असतं तिथे. मी कितीदा बघितलं ते. मला ती पाठ बघवत नसे.

आणि मग रणबीर गेला. टेम्पो घेऊन मंडीत चालला होता, हायवेवर ट्रकने उडवला. सकाळी मी डोलची घेऊन गेले तर फाटकात गर्दी. आत बायका रडत होत्या, कौसा मधोमध बसली होती आणि रडत नव्हती. मला बघून म्हणाली, ताई, चंद्रीची धार राहिली. लोकांना वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला कळलं, तिला बोलायचंय.

तेराव्याच्या आधी शेजारणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, काळजी करू नका, नांदेडवाली कुठे जात नाही, बिट्टूचा लत्ता उढवणार आहेत तिला. मला अर्थ कळला नाही. तिने समजावून सांगितलं. विधवा भावजयीच्या डोक्यावर दिराच्या नावाने ओढणी घातली की ती त्याची बायको झाली. फेरे नाहीत, भटजी नाही. घरची सून घरात राहते, जमीन घरात राहते, सगळ्यांची सोय.

बिट्टू! ज्याचं नाक हिने पुसलं, ज्याच्या डोक्यातल्या उवा हिने काढल्या, तो बिट्टू हिचा नवरा? मी घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर ओरडले, जसं काही त्यांनीच ठरवलं होतं. मुक्ताला फोन लावला, ती तर भयंकर भडकली, पोलीस म्हणाली, महिला आयोग म्हणाली, वकील मैत्रिणीचा नंबर पाठवला. मी ठरवलं, हिला नांदेडच्या गाडीत बसवायचं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन सांगितलं, चल कौसा, मी स्वतः सोडायला येते.

"कुठं?" ती म्हणाली. "तिथं भावाची चूल हाय, ताई. तिच्यापुढं ताट घेऊन बसू?"

मग इथे बिट्टूची बायको होशील? ती चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकवून धार काढत राहिली. बिट्टू गोठ्याच्या दारात उभा होता. डोळे सुजलेले. तो मला हिंदीत म्हणाला, आंटीजी, मैं ताऊ लोगों के सामने बोल नहीं सकता, पर मुझसे ये नहीं होगा. एवढा सहा फुटी माणूस, बाहीने डोळे पुसत होता.

तेराव्यानंतर अंगणात खाटा मांडल्या. गावातले मोठे लोक एकीकडे, बायका दुसरीकडे, मी बायकांत. एका ताटात गूळ, एका ताटात घडी घातलेली गुलाबी ओढणी. एवढ्या लोकांत मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही हे खरं. कौसा चुलीजवळ बसलेली, पदर हनुवटीपर्यंत. भाऊबंदांतला एक म्हातारा ओढणी घेऊन उठला. तेवढ्यात पदराच्या आतून हाक आली, अगदी साधी, रोजची.

"बिट्ट्या, इकडं ये."

मराठीत. बिट्टू सवयीने उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने मांडी घातली आणि मांडीवर थाप मारली. "बस." आणि तो धिप्पाड, मिशीवाला माणूस तिच्या मांडीवर बसला. ती अर्धी झाकून गेली त्याच्यामागे. तिने हात लांबवून ताटातला गुळाचा खडा उचलला, त्याच्या तोंडात घातला. मग, जेठासमोर, सगळ्या गावासमोर, तिने पदर कपाळाच्या वर सारला. जोहडपुराने नांदेडवालीचं तोंड तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांच्याच बोलीत, ठणठणीत आवाजात ती म्हणाली:

"गोद ले लिया मन्नै. इब यो मेरा बेटा सै."

मी तोंडावर हात दाबून धरला होता. आपल्याकडे दत्तक घेताना मूल मांडीवर बसवतात, तोंड गोड करतात. तिने माहेरी कुणाच्या तरी घरी बघितलं असणार. पण मांडीवर घेणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला लोकांसमोर मांडीवर घेतलं त्याची ओढणी डोक्यावर कशी घेणार? म्हातारा भडकला, कुठे एवढा घोडा गोद घेतात का, तमाशा लावलाय. दुसरा म्हणाला, हे कायद्यात बसत नाही. ओढणी उढवणं तेवढं कायद्यात बसत होतं म्हणे! बिट्टू तिच्या मांडीवरून उठायला तयार नव्हता. तोंडात गूळ, आणि तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता.

मग धरमपाल उठला. मला वाटलं, आता हा हिला झिंज्या धरून बाहेर काढतो. तो चुलीपाशी आला, तिच्याकडे न बघता, चुलीकडे बघत त्याने एकच विचारलं, चूल्हा? म्हणजे एकच राहणार की वेगळा?

"चूल्हा मेरा," ती म्हणाली. "खावेंगे सारे."

आयुष्यात तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द तो, आणि तिचंही त्याला तेच पहिलं उत्तर. धरमपालने मान हलवली, ओढणी म्हाताऱ्याच्या हातातून घेतली, तिची घडी घातली आणि बैठकीत जाऊन बसला. संपला विषय. बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच पदराआड हसायला लागल्या. मी घरी कशी आले मला आठवत नाही. कितीतरी दिवस भेटेल त्याला मी हेच सांगत होते, आणि सांगताना प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. कौसा माझ्या लेखी देवी झाली होती देवी.

पुढे मुक्ताचं बाळंतपण आलं आणि मी बंगळुरूला गेले. नातवात अशी गुंतले की दिल्लीला परतायला वर्ष उलटलं. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी डोलची घेऊन जोहडपूरला गेले. गोठ्यात एक नवी पोरगी म्हशीखाली बसलेली. म्हैसही दुसरीच. पोरीचं तोंड उघडं, डोक्यावर नुसती ओढणी टेकवलेली. मला बघून ती हसली.

"दूध पाहिजे का, काकू?"

मराठीत. स्वच्छ मराठीत. मी विचारलं, तू कुणाची? ती लाजून म्हणाली, बिट्टूची बायको, सासूबाईंच्या गावाकडची.

मी तरातरा कौसाकडे गेले. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. माझा तोल सुटला. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुला लाज नाही वाटली? तुला आणलं तसं तू दुसऱ्या पोरीला आणलंस? तूच? तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग बोलली. बिट्टूला इथली पोरगी कुणी देईना. ती स्वतः गावाकडे गेली होती. पोरीला घर कसं, गाव कसं, घुंगट, उकिरडा, सगळं आधी सांगितलं, काही लपवलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, मी हिला विचारलं, म्हणाली, विचारून विचारून पोरगी कंटाळली.

"आणि ती हो म्हणाली?"

"व्हय म्हणाली. पर तिच्या घरी दोन टायमाची भाकर न्हाई, ताई. ती व्हय म्हणणारच की." भाकरी उलटून ती म्हणाली, "कळतं मला. कळत न्हाई असं न्हाई."

मग कशाला, कौसा?

"चंद्री मेली," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता. कुणाशी बोलू?"

भांडायला गेले होते, आणि नुसती तव्यावरची भाकरी बघत राहिले. खरं सांगायचं तर राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. त्या पोरीच्या आईचा विचार आला की अजून कौसाचा राग येतो मला. आणि मग ती म्हैस आठवते.

धरमपाल आणि बिट्टू ताटं घेऊन चुलीपाशी आले होते. कौसाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने पोरीला गोठ्यातून हाक मारली, हात धुवायला लावले आणि चुलीशेजारी पाट टाकून बसवलं, तोंड अंगणाकडे करून. तव्यावरची पहिली गरम भाकरी तिच्या ताटात वाढली, वैलावरचं कालवण वाढलं. दोघं पुरुष ताटं धरून उभे. धरमपालने भाकरीकडे बघून घसा खाकरला, तर कौसा त्याच्याचकडे बघून म्हणाली, "तिचं झालं की तुमचं." त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो गुपचूप खाटेवर जाऊन बसला. पोरगी संकोचून घास घेत होती. कौसा तिला म्हणाली, सावकाश खा गं. आणि मग दोघी काहीतरी बोलायला लागल्या, त्यांच्या गावच्या कुण्या बाईबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, आणि हसायला लागल्या. मी तिथेच उभी होते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

बोलता बोलताच कौसाने माझी डोलची उचलली. बाहेर फाटकात लोकांची रांग लागलेली होती, सगळ्यांच्या किटल्या तशाच रिकाम्या. तिने त्यांच्या आधी माझी डोलची भरली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. "जा ताई," म्हणाली, "भाऊजी चहाला थांबले असतील."

इतक्या वर्षांत तिने मला कधी आधी दूध दिलं नव्हतं. मी डोलची घेतली आणि घरी आले.